बोडीवरचे वाटे

माझा साडू मनोहर पुन्हा चालू लागला, तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना करणे मला जमेना. त्याचे नाव देवापुढे घेतले की तोंड कडू व्हायचे.

लकवा आधी माझ्या पत्नीला, शालिनीला झाला आणि काही दिवसांतच त्याला. चंद्रपूरचा डॉक्टर तोच, गोळ्या त्याच, व्यायामही तेच. मी ऊर्जानगरला कोळशाच्या वजनकाट्यावर नोकरी करतो. भरला ट्रक आणि रिकामा ट्रक तोलून फरक काढायचा, हे माझे काम. त्याच सवयीने मी आमची दोन घरे तोलू लागलो. शालिनीने चर्चमधल्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवले, आजाऱ्यांना डबे पोचवले. मनोहर नाताळला आणि कुणाच्या लग्नाला चर्चमध्ये दिसायचा, एरवी मोहाच्या भट्टीवर. तरी हात त्याचा उठला, जीभ त्याची मोकळी झाली. शालिनीचा उजवा हात मांडीवर ठेवावा तसाच राहतो आणि तोंडातून दोन-चार शब्दांपलीकडे काही निघत नाही. प्रार्थनेत मी देवाला तिने केलेली एकेक सेवा ऐकवायचो आणि उत्तराची वाट पाहायचो.

मनोहर चर्चच्या सभेत उभा राहून साक्ष द्यायचा. “प्रभूनं मले उचललं, मी त्या लायक नोयतो,” म्हणायचा. लोक आमेन म्हणायचे. मी मनात म्हणायचो, लायक नव्हतास हे तर खरेच आहे. पण या हेव्याखाली एक भीती होती. आपण देवाला कमी मोलाचे वाटतो, असे शालिनीच्याही मनात बसले असेल तर? आजारापासून ती हसली नव्हती. विचारायचे मला धाडस नव्हते.

पुनरुत्थानाच्या सणासाठी, म्हणजे ईस्टरसाठी, आम्ही तिघे तिच्या माहेरी सिरोंच्याला निघालो. मनोहरची बायको, म्हणजे शालिनीची धाकटी बहीण, आधीच पोचली होती. आलापल्लीच्या पुढे जंगलात बस बंद पडली. मागून दुसरी आली ती खच्चून भरलेली. बाकीचे प्रवासी तीत कसेबसे चढले. शालिनीला चढवणे शक्य नव्हते.

मी मनोहरला म्हणालो, “तू जा. उद्या तुझी साक्ष आहे, लोक वाट पाहतील.”

टोमणा त्याला कळला असावा. तो म्हणाला, “साक्ष थांबते, भाऊ. बाईले उचलाले दोघं लागतेत.” आणि तो थांबला.

रस्त्यालगत एक लहानसे गाव होते. तिथल्या बायकांनी खाट आणून शालिनीला बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या काठी, झाडाच्या सावलीत निजवले. पाणी दिले. बोडी आटत आली होती आणि त्या दिवशी सारे गाव तिच्यात उतरून मासे धरत होते. दुपार कलल्यावर सगळे मासे एकत्र ओतले गेले आणि एक म्हातारा पळसाच्या पानांवर सारखे वाटे मांडू लागला.

मनोहर मला म्हणाला, “भाऊ, तुमी काट्यावरचे. पाहा बरं, हिसाब बराबर हाये का.”

मी खरेच मोजले. माणसांपेक्षा वाटे जास्त भरत होते. तसे सांगताच बायका हसल्या. म्हाताऱ्याने एका गरोदर पोरीकडे बोट केले. “तिचे दोन. एक तिच्या पोटातल्याचा.” मग तीन पाने त्याने आमच्याकडे सरकवली.

“आम्हाला कशाला?” मी म्हणालो. “आम्ही पाण्यात पायही घातला नाही.”

“इथी हाये ना तुमी.”

“आम्हा दोघांचे ठीक आहे. पण हिचा वेगळा वाटा कशाला? हिच्याने तर काहीच होत नाही.”

शालिनीच्या समोर हे माझ्या तोंडून निघून गेले. म्हाताऱ्याने हातातला मासा तिच्या पानावर ठेवला.

“मंग? पोटातल्यानं जाळं टाकलं का?”

मला शालिनीकडे पाहवेना. तिने डाव्या हाताने आपले पान जवळ ओढले, मासे नीट चाचपले आणि त्यांतला सर्वांत मोठा उचलून मनोहरच्या पानावर ठेवला.

“बाई, नोको,” मनोहर म्हणाला. “भाऊ पाहून राह्यले. रातभर झोपाचे नाई.”

आणि शालिनी हसली. तोंड एका बाजूला वाकडे होत होते, तरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिच्या मनात मनोहरविषयी अढी नव्हती, देवाविषयीही नव्हती. देवाने तिला कमी लेखले, ही माझी तक्रार होती. कमी लेखणारा मी होतो.

संध्याकाळी गावातल्याच एका ट्रॅक्टरने आम्हाला पुढच्या थांब्यावर सोडले. तिथून बस मिळाली. सकाळच्या उपासनेत मनोहरने साक्ष दिली तेव्हा मला थोडे टोचलेच. खोटे कशाला सांगू. पण या वेळी मी मान वर करून ऐकले.

शालिनीचा हात अजून तसाच आहे. ती बरी व्हावी, हे मी आजही मागतो. मात्र तिने काय काय केले, ते देवाला सांगत नाही. त्याने द्यावे म्हणून कुणाचे काम दाखवावे लागत नाही, हे मला त्या बोडीच्या काठी उमगले. रोज सकाळी तिचे केस विंचरताना मी तिचे नाव घेतो, ती आहे म्हणून आभार मानतो आणि पुढचे त्याच्यावर सोडतो.