विसळलेलं पाणी

दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात मी एकदाच गेले. दुसऱ्यांदा मला कुणी नेलं नाही, आणि त्याचं कारण आमच्या चांदवडच्या घरातली मोरी आहे.

काम साधं होतं. बर्फ वितळून समुद्रात किती गोडं पाणी मिसळतंय हे कळावं म्हणून वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी वर काढायचं, बाटल्यांत भरायचं आणि जहाजावरच त्यातलं मीठ मोजायचं. फरक इतका बारीक, की जिभेला कळणं शक्यच नाही. म्हणून नियम होता: जे पाणी भरायचं त्यानेच बाटली तीनदा विसळायची, ते पाणी फेकायचं, मग भरायची.

मी तीनदा विसळलं. फेकलं मात्र नाही. पहिल्या बाटलीतलं दुसरीत ओतलं, दुसरीतलं तिसरीत. हात आपोआप चालत होते. लहानपणी आमच्याकडे टँकर यायचा तेव्हाच पाणी. एका तांब्यात आई मोरीत पाच भांडी विसळायची आणि उरलेलं कढीपत्त्याला घालायची. माझ्या हातून अर्धा तांब्या सांडला तेव्हा पाठीत धपाटा बसला होता. चहूबाजूंनी समुद्र, आणि मी शहाणी पाणी वाचवत होते!

वितळलेल्या बर्फाने कमी खारट झालेलं वरच्या थरातलं पाणी खालच्या थराच्या बाटलीत गेलं. खोलवरचा समुद्र होता त्याहून गोडा निघाला. मोहिमेच्या प्रमुख साहेबांना संशय आला. त्यांनी मला एक बाटली भरून दाखवायला सांगितली, आणि त्यांच्यासमोरही मी विसळलेलं पाणी पुढच्या बाटलीतच ओतलं. जहाज तोवर फार पुढे आलं होतं. त्या जागेच्या सगळ्या बाटल्या बाद झाल्या. "एवढं साधं जमत नाही?" इतकंच ते म्हणाले. पुढच्या मोहिमेच्या यादीत माझं नाव नव्हतं.

आता आम्ही दोघी मायलेकी इंदिरानगरला राहतो. नळाला रोज पाणी येतं, खाली शेजारी पाइप लावून गाड्या धुतात. आई मात्र इथे आल्यावरही एका पातेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायची. एकदा ते बघून माझं डोकं फिरलं. तिच्या हातातलं पातेलं ओढून मी सिंकमध्ये उपडं केलं, नळ पूर्ण सोडला आणि ओरडले, "तुझ्या या सवयीनं माझं वाटोळं झालं!" मग इतके दिवस लपवलेलं सगळं सांगून टाकलं.

तिने आधी नळ बंद केला.

"ते सारं पाणी फेकून द्यायचं व्हतं?"

"हो. तीनदा."

"मला काय माहीत व्हतं, पोरी."

मला बरं वाटलं, हे कबूल करते. अखेर कुणाच्या तरी माथी मारता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून धो धो नळाचा आवाज आला. आई पातेलं विसळत होती. भरत होती, फेकत होती, पुन्हा भरत होती. मोजून तीनदा. पाणी सिंकमध्ये जाताना ती तोंड दुसरीकडे वळवत होती. मी दारात दिसल्यावर तिने पदराला हात पुसले.

"आता बराबर हाय ना?"

नको करूस, माझंच चुकलं, एवढं म्हणायचं होतं. पण आदल्या दिवशीचा राग अजून उरला होता. मी "हो" म्हणाले.

तेव्हापासून ती रोज तीनदा फेकते.