टोकियोत कोणी खाल्लं

मी टोकियोत गाईचं मांस खाल्लं, हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. खाल्ल्याची लाज आता फारशी उरलेली नाही, ती कधीच विरून गेली. घरी परतल्यावर मी जे केलं त्याची लाज मात्र तशीच आहे. पण ते सांगायचं तर आधी त्या जेवणाचं सांगावं लागेल.

ऐंशीनंतरची वर्षं. मी नागपूरजवळ कोराडीच्या वीजघरात इंजिनीअर होतो. नवी मोजयंत्रं जपानहून यायची होती, ती शिकायला आम्हा दोघांना तिकडे पाठवलं. दुसरा म्हणजे माझा सोबती. शिफ्ट एक, कॉलनीतले क्वार्टर समोरासमोर. त्याच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात बुद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. माझं घर नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीतलं, ब्राह्मणाचं. आईनं त्याला पहिल्यांदा जेवायला वाढलं ते बाहेर, ओसरीवर. मग तो हळूहळू आत आला. आधी बैठकीत, मग स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि काही वर्षांनी आमच्या पंगतीत, माझ्या शेजारच्या पाटावर. आई त्याला तूप वाढताना म्हणायची, "घे रे बाबू, लाजून काय राहिला." हे सगळं माझ्या सुधारलेपणामुळे झालं असं मला वाटायचं. खरं तर मी काहीच केलं नव्हतं. दर वेळी कुठं बसायचं, कशाला हात लावायचा नाही, आई काही बोलली तर कुठं हसून सोडायचं, हे सारं तोच सांभाळत होता.

जपानात आमच्या खाण्याचे हाल होते. कारखान्याच्या कँटीनमधला कच्चा मासा आम्हा दोघांनाही जात नव्हता. भात, मुळ्याचं लोणचं आणि घरून नेलेला चिवडा यांवर दिवस काढत होतो. आम्हाला शिकवणारा जपानी इंजिनीअर हे बघत होता. हळवा माणूस. त्यानं आपल्या मनाशी हिशेब केला की हे लोक इंग्रजी बोलतात, म्हणजे यांना अमेरिकन जेवण आवडत असणार. परतायच्या आधी तो आम्हाला तसल्या एका हॉटेलात घेऊन गेला.

मी तसलं हॉटेल तोवर पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. लाल मखमलीच्या खुर्च्या, मंद दिवे, भिंतीवर घोड्यांची चित्रं. वाढणाऱ्या मुली जपानी, पण कपडे अमेरिकन पद्धतीचे, वर झालरीचे ॲप्रन. थोड्या वेळानं उंच पांढरी टोपी घातलेला एक जण चांदीसारखी चकचकीत गाडी ढकलत आमच्या टेबलाशी आला. पाळण्याएवढी गाडी. त्यानं वरचं गोल झाकण सरकवलं तशी वाफ उठली, आणि आत बरगडीसकट भाजलेला मांसाचा एवढा मोठा तुकडा. जाड कापू की पातळ, असं त्यानं वाकून विचारलं.

कशाचं मांस आहे हे आम्हा दोघांना एकदमच कळलं. जपानी इंजिनीअर आमच्या तोंडाकडे बघत होता. तिकडे ते मांस फार महाग, हे आम्हाला ठाऊक होतं.

सोबत्यानं नम्रपणे, पण स्पष्ट सांगितलं की मी हे खात नाही. मी मराठीत पुटपुटलो, "अबे, त्याला वाईट वाटेल. एवढ्या हौसेनं घेऊन आला तो."

"मी त्याले नीट सांगतो ना," तो म्हणाला. "माझ्या बापानं हे सोडलं गा. मेलेलं ढोर ओढून न्याचं अन् त्याचंच खाचं, ते साऱ्या मोहल्ल्यानं सोडलं. तवापासून आमच्या घरात कोणी हात नाही लावत."

त्यानं तेच इंग्रजीत, थोडक्यात सांगितलं. जपान्यानं मान लववली, माफी मागितली आणि त्याच्यासाठी भाजलेला मासा मागवला. तेवढ्यावर ते संपलंसुद्धा. नाही म्हणणं इतकं सोपं होतं.

मी मात्र "जाड" म्हणालो.

त्याला वाईट वाटेल म्हणून खाल्लं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते खरं नाही. वास सुटला होता, इथे आपल्याला ओळखणारं कोणी नव्हतं, आणि मला खायचं होतं. सावजीचं मटण मी कॉलेजात असताना चोरून खाल्लं होतं. घरी ते कळलं, आई थोडे दिवस बोलली नाही, आणि मिटलं. हे मिटणारं नव्हतं, म्हणूनही खायचं होतं. सुरी अलगद आत जात होती. मधला भाग गुलाबी. बरोबर फुगलेल्या पावासारखं काहीतरी, कुस्करलेले बटाटे आणि मुळ्यासारख्या कशाचा तरी पांढरा कीस, जो जिभेला आधी काहीच लागत नाही आणि मग एकदम नाकात जातो. मी दुसऱ्यांदाही घेतलं.

"कसं लागून राहिलं गा?" सोबत्यानं विचारलं.

"मस्त."

"आईले सांगू का?" तो हसला. माझं तोंड बघून म्हणाला, "जेव जेव. नाही सांगत."

नागपूरला परतल्यावर आईनं महालातल्या घरी जेवण ठेवलं. मामा आला, मावशी आली, सोबत्यालाही बोलावलं. आळूची भाजी, भरली वांगी, श्रीखंड. सगळे मला जपानचं विचारत होते आणि मी सांगत सुटलो. आपोआप उघडणारी दारं सांगितली, वेळेवर सुटणाऱ्या गाड्या सांगितल्या, आणि बोलता बोलता त्या चांदीच्या गाडीवर आलो. कशाचं मांस ते सांगितलं तेव्हा मावशीनं पदर तोंडाला लावला. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला रंग चढला होता. टोपीवाला कसा कापतो ते मी हातवारे करून दाखवलं, आणि म्हणालो, त्याच्याबरोबर एक पांढरा कीस देतात, तो असा काही नाकात जातो की विचारू नका.

आई वाढायची थांबली. "नाकात जातो, हे तुला कसं कळलं?"

मामा हसून म्हणाला, "जपान्यानं सांगितलं असेल." त्यानं मला वाट करून दिली होती. ती मी घेतली असती तरी भागलं असतं. पण आई माझ्याकडेच बघत होती. मी शेजारी पाहिलं आणि म्हणालो, "यानं सांगितलं."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. त्याच्या हातात घास होता. तो त्यानं तोंडात घातला, सावकाश चावला, पाणी प्याला. मग म्हणाला, "हो. नाकात जाते थोडं."

कीस त्यानंही माशाबरोबर चाखला होता. तेवढ्यापुरता तो खोटं बोलला नाही. मला मात्र वाचवलं.

मावशीनं उन्हाळ्याचा विषय काढला. जेवणं झाली आणि सगळे उठू लागले तशी आई त्याला हळू आवाजात म्हणाली, "ताट तेवढं मोरीवर घासून ठेवता का तुम्ही." इतकी वर्षं ती त्याला अरे-तुरे करायची. त्यानं मान हलवली. मोरीवर उकिडवं बसून राखेनं ताट घासलं, वाटी घासली, पेला घासला, आणि सारं भिंतीशी पालथं घातलं. मी बैठकीत मामाशेजारी सुपारी कातरत होतो. बसलो होतो तिथून मोरी दिसत होती.

माझ्या स्कूटरवर मागे बसून तो कोराडीपर्यंत आला. क्वार्टरपाशी उतरल्यावर म्हणाला, "तू खाल्लं त्याचं मले काही नाही. पण माझ्या बापानं जे सोडलं, ते तू माझ्या तोंडात घातलं. अन् तुझ्या आईले ते लगेच खरं वाटलं."

मी म्हणालो, उद्याच जाऊन आईला सांगतो.

"सांग," तो म्हणाला.

मी गेलो नाही. आधी मामा घरी मुक्कामाला होता म्हणून, मग आईचं ब्लडप्रेशर वाढलं म्हणून, मग इतके दिवस झाले होते की नुसतं सांगून भागलं नसतं, इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. तो माझ्याशी भांडला नाही. कामावर बोलणं चालू राहिलं, डबा मात्र तो दुसऱ्या टेबलावर खाऊ लागला. महालात पुन्हा आला नाही. दिवाळीला आई विचारायची, तो येत नाही का गं आता, असं माझ्या बायकोला. बायको माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, ड्यूटी असते.

पुढे त्यानं घर बांधलं. बोलावणं करायला स्वतः आला, चहा घेतला आणि जाताना दारात म्हणाला, "आईलेही घेऊन ये." कशासाठी म्हणाला ते मला कळलं होतं. मी एकटाच गेलो. त्यानं माझ्या मागे पाहिलं, मग मला आत घेतलं, ताट वाढलं. जेवण झाल्यावर त्याच्या बायकोनं माझं ताट उचलून नेलं.

आई महालात आहे. थकली आहे, पण तिला ऐकू येतं, सगळं आठवतं. तो कोराडीला आहे. हे मी इथे लिहिलं म्हणून तिला कळलं असं होत नाही. त्याला आईसमोर बसवून, मी खाल्लं, यानं खाल्लं नव्हतं, एवढं तोंडानं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.