रंग न लावलेला चौकोन

ओल्या रंगाचा वास आला की कुडव्याच्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. बहिणीच्या नर्सिंगच्या ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस होता आणि इंटरनेट रखडत होतं. फोनच्या तारेवर चालणाऱ्या आमच्या मॉडेममध्येच राउटर होता. मी शहाणपणा करून कानातल्याच्या दांडीने त्याचं रिसेटचं बटण दाबलं, आणि आत भरलेलं युजरनेम, पासवर्ड सगळं पुसलं गेलं. लाइनमनचा मोबाइल बंद. बहीण रडायलाच लागली. तांदूळ पाखडत बसलेली आई म्हणाली, "काऊन रडून राहिली? त्या कॅलेंडरच्या मांगं पाह ना." मागे जुन्या पिवळ्या रंगाचा चौकोन होता. मॉडेम बसवताना लाइनमनने तिथेच पेन्सिलीने सगळं लिहिलं होतं, आणि घर रंगवताना आईने पेंटरला तेवढी जागा सोडायला लावली होती. मला त्या डागाची लाज वाटायची, म्हणून कॅलेंडर मीच टांगलं होतं. कॉम्प्युटरवर मॉडेमचं पान उघडून ती अक्षरं भरली, इंटरनेटचा दिवा हिरवा झाला, अर्ज गेला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. आईला वाचता येत नव्हतं. लिहिलेलं पुसायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. तो मॉडेम केव्हाच भंगारात गेला. काल पेंटर त्या भिंतीपाशी आला, तेव्हा आईच्या आधी मीच म्हणाले, "भाऊ, तेवढं सोडून दे."