पाणी आधीच खारं होतं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दारात भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. "ताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि जुडी कशी सुकलेली आहे ते भाजीवाल्याला पुन्हा ऐकवलं. बातमी कानावर पडते आणि आत पोचायला वेळ घेते... बडनेऱ्याला गाडीत बसले, मूर्तिजापूर मागे पडलं, तेव्हा कुठे रडू फुटलं. दादा, माझा थोरला भाऊ. अकोल्याच्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झाला आणि किडनीच्या आजारात गेला. बातमी अनपेक्षित नव्हती, महिनाभर सगळे मनातून तयारच होतो. तरी मला दुःखाआधी राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यात. म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या पट्ट्यात. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नसे, चहात दूध घातलं की कधी कधी फाटायचं आणि पाहुणे पहिल्या घोटालाच तोंड वाकडं करायचे. आम्हाला मात्र त्यात काही वावगं वाटत नसे. उलट मामाच्या गावी गेलं की तिथलं गोड पाणी पाणचट लागायचं आणि दादा आईला विचारायचा, या पाण्याले चव कावून नाई? आई सगळ्यांना मोठ्या कौतुकाने सांगायची की माझी लेकरं काटक आहेत, कुठलंही पाणी पचवतात. बिचारीला त्याचा अभिमान होता. दादा शिकला, मास्तर झाला, मला त्याने हट्टाने शिकवलं आणि मी अमरावतीला सरकारी कचेरीत लागले. गाव सुटलं. पाणी सुटलं असंही आम्ही धरून चाललो होतो.

दादाच्या किडन्या जवळपास निकामी झाल्याचं कळलं तेव्हा पायांवर सूज यायला लागली होती, म्हणजे उशीरच झाला होता. पाण्यामुळे झालं का, असं मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. त्यांनी बीपीचं, वयाचं, आणखी कसलं कसलं सांगितलं आणि पाण्याचं ठामपणे सांगता येत नाही म्हणाले. गावाकडे याच आजाराची किती घरं आहेत ते मला ठाऊक आहे, पण मी काही डॉक्टर नाही. डायलिसिस सुरू झालं आणि त्याला पिण्याचं पाणीही मोजूनच मिळायला लागलं. घरी पडून तो भिंतीकडे बघत बसायचा, म्हणून वहिनीने विरंगुळा म्हणून काचेची टाकी आणि एंजल मासे आणले. पहिल्या दिवशी तो टाकीकडे बघून म्हणाला, "वा रे न्याय. मले पेलाभर अन् यायले टाकीभर." वहिनी रडायला लागली, आणि मग तोच हसला. नंतर मात्र त्याचा जीव त्या माशांत असा अडकला की डायलिसिसहून आला की चप्पल काढायच्या आधी टाकीशी जाऊन उभा राहायचा.

हिवाळ्यात त्याने दुकानातून एक नवी जोडी आणली आणि आधी काही दिवस वेगळी न ठेवता सरळ टाकीत सोडली. एरवी वर्गात सगळ्यांना धीर धरायला लावणारा माणूस, पण आजारपणात त्याला कशाचीच वाट बघवत नव्हती. थोड्याच दिवसांत माशांच्या अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके उठले. मासे दगडाला अंग घासायला लागले. मी तेव्हा अकोल्यालाच होते. माझी किडनी दादाला जुळते का ते बघायच्या तपासण्या सुरू होत्या आणि शेवटचे रिपोर्ट यायचे होते. माझं ठरलेलं होतं. घरच्यांनी विरोध केला तो मी ऐकून घेतला नव्हता. दादा "तुले कायले कापून घ्यायचं हाये" म्हणून चिडायचा, पण रिपोर्ट कधी येणार ते दिवसातून दोनदा विचारायचाही. त्याला जगायचं होतं. हे इथे लिहायला हवं, कारण त्याच्यामागे लोक म्हणाले की मास्तर मनाने केव्हाच निघून गेले होते. साफ खोटं आहे ते.

ठिपक्यांचं त्याने मला शिकवण्याच्या सुरात समजावलं. तो एक परजीवी असतो, माशाच्या कातडीखाली दडून खातो. अंगावर दिसतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की गळून तळाशी जातो, कवच करतो, आत एकाचे शेकडो होतात आणि ती पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात सुटतात. औषध लागू पडतं ते तेवढ्या वेळातच. "पाह्य रत्ना, दिसते तवा मारता येत नाई, अन् मारता येते तवा दिसत नाई." म्हणून पाणी हळूहळू कोमट करायचं, म्हणजे त्याचं चक्र लवकर फिरतं, हवेचा पंप जास्त चालवायचा, तळ उपसायचा, आणि पाण्यात मीठ. त्याने खडे मीठ लिटरच्या हिशेबाने मोजलं, बादलीत विरघळवलं आणि थोडं थोडं करत टाकीत सोडलं. चूक कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी मासे कुशीवर पडलेले दिसले, कल्ले जोरात हलत होते.

दादा टाकीवर वाकला. मग त्याने टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि खुर्चीत बसला. अकोल्याला नळ रोज कुठे येतात? तळ उपसल्यावर टाकी भरायला त्याने सोसायटीच्या बोअरचं पाणी घेतलं होतं आणि ते खारं होतं. मिठाचा हिशेब गोड पाण्याचा, पाणी आमच्याकडचं. ज्याने मुलांना खारपाणपट्टा नकाशावर रंगवून शिकवला, त्या माणसाच्या ध्यानात हे आलं नाही. कसं येणार... आम्हाला खाऱ्या पाण्याची चव वेगळी अशी कधी कळलीच नव्हती. मी शेजाऱ्यांकडून साठवलेलं नळाचं पाणी मागून आणलं, वहिनीने पिण्याचा जार रिकामा केला आणि दिवसभर थोडं थोडं पाणी बदलत राहिलो. नवी जोडी गेली. जुन्यांतलेही काही गेले. उरलेले संध्याकाळी सरळ पोहायला लागले.

दोन दिवसांनी माझे रिपोर्ट आले. माझी किडनी देता येणार नव्हती, कारण माझ्याही किडन्या कमजोर व्हायला लागल्या होत्या. अजून फार नाही, त्रास काही नाही, पण सुरुवात झालेली. डॉक्टर समजुतीच्या स्वरात बोलत होते आणि मला एकच दिसत होतं, की हे आता दादाला सांगायचं आहे. घरी येऊन मी दारातच सांगितलं. तो रागावेल, हताश होईल, असं वाटलं होतं. तो टाकीजवळच बसला होता. वर बघून म्हणाला, "तुलेबी?" फक्त एवढंच. त्या एका शब्दात स्वतःचं काहीच नव्हतं. मग त्याने मला शेजारी बसवलं आणि माझा हात हातात घेतला. लग्नात पाठवणीच्या वेळी धरला होता, त्यानंतर पहिल्यांदाच असावा.

पुढे मीठ सोडून दुकानातलं निळं औषध घातलं आणि ठिपके गेले. वहिनी म्हणाली, आता औषध बंद करा, मासे चांगले दिसतात. त्याने ऐकलं नाही, गोड पाण्यात ते औषध चालूच ठेवलं. माझ्या गोळ्यांची चौकशी तो रोज फोनवर करायचा, वर्गात गृहपाठ विचारावा तशी. दुसरा देणारा मिळाला नाही. उन्हाळा लागला तसा तो थकत गेला, हृदयावर ताण आला आणि एका सकाळी संपलं.

गेल्या आठवड्यात आमच्या बौद्ध रीतीप्रमाणे त्याचं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, लोक पांगले आणि मी त्याच्या खोलीत बसले. पंप चालू होता, मासे चांगले धट्टेकट्टे होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, मला तहान लागली. मला डॉक्टरांनी अजून पाणी मोजायला सांगितलेलं नाही. वहिनीला हाक मारली. ती आली, पेला माझ्या हातात दिला आणि पदराने डोळे पुसत उभी राहिली. पेला अर्धाच होता. सवयीने तिने तेवढा आणला की माझा रिपोर्ट आठवून, ते मी विचारलं नाही. तिथेच बसून हळूहळू, घोट घोट करत प्यायले.