तपासलं कुणीच नाही

पुण्याहून पारनेरला येताना एसटीत तो शेजारी बसला होता. चाळिशीचा, सुप्याच्या कारखान्यात लेथवर काम करणारा. कंडक्टरने घंटी वाजवली की दोन्ही कान दाबून धरायचा.

माझ्याकडे न बघताच तो बोलू लागला. "पेपरात स्वमग्न पोरांचं वाचलं. समदं माझंच हुतं. दोन शेळ्या इकून मोठ्या डॉक्टरकडं गेल्तो. ते हसले. म्हनले, हा पोरांचा आजार, तुमी तर संसार करताय."

"मग?"

"मी बी पोर हुतोच की! तवा मास्तरनं झोडपलं, बापानं देवरुशाकडं नेलं. तपासलं कुनीच न्हाई."

मी मास्तर आहे, हे त्याला सांगितलं नाही. त्या हसणाऱ्या डॉक्टरचा मला अजून संताप येतो. पण वर्गातल्या अबोल पोरांवर मीही छडी ओढली होती, त्याचा जास्त येतो.