औशाहून किनवटला भूमिती

माझी धाकटी बहीण औशातल्या घरातून किनवटच्या वसतिगृहातल्या मुलींना ऑनलाइन भूमिती शिकवते. आमच्या इंटरनेटवर सिनेमा झरकन उतरतो, पण तिचा फळा पलीकडे जाताना अडकतो. एकदा तास चालू असतानाच मी वैतागून कंपनीला फोन लावला. तिकडचा म्हणाला, "घरची माणसं नुसती बघतात. म्हणून येणारा वेग जास्त, जाणारा कमी. पाठवायला तुमच्याकडं असतंय काय?"

माझं डोकंच फिरलं. बहिणीनं मात्र कॅमेरा बंद केला आणि ती नुसत्या आवाजावर शिकवू लागली, "पोरींनो, चौरस वावर काढा. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याला बांध घाला. काय दिसतंय?"

पलीकडून गलका झाला, "ताई, दोन्ही तुकडे सारखेच हायत!"

मी फोन लॅपटॉपजवळ धरला. "ऐका, आम्ही काय पाठवतो ते."