दत्ता इंदूरला का गेला नाही

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ज्यांच्यासमोर मान खाली घालावी लागली असती त्यांच्यातलं आता फारसं कोणी उरलं नाही, म्हणूनही असेल. दोन्हींत धीटपणा काही नाही, हे मला कळतं.

गोष्ट अंधेरीची आहे. नवे पैसे नुकतेच आले होते, त्या सुमाराची. स्टेशनपासून पूर्वेला चालत गेलं की दगडाच्या खाणी लागायच्या, आणि त्या खाणींतला बारीक चुरा पसरून आमच्या मंडळाने बास्केटबॉलचं मैदान केलं होतं. पडलं की गुडघ्याची साल निघायची. बोर्ड फळ्या ठोकून केलेला, रिंग लोहाराकडून वळवून आणलेली. अशा मैदानावर दत्ताराम खेळायला लागला — आम्ही दत्ता म्हणायचो — आणि मुंबईतले संघ आमच्याकडे मॅच मागायला लागले.

दत्ता सहा फुटांच्या वर होता. मालवणकडचं घर, पण जन्म इथलाच. वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. दत्ता सोळा वर्षांचा असताना ते खोकून खोकून गेले. डॉक्टरांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं — क्षय नाही, कापसाच्या तुसाने छाती गेली आहे. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, कारण दवाखान्यात दत्ताबरोबर मीच होतो. एवढं ध्यानात ठेवा.

मी कॅप्टन. फोर्टातल्या एका कचेरीत कारकून, वडीलही कारकून. खेळाडू म्हणून मी बेताचाच. मला एकच गोष्ट जमायची — दत्ता कुठे असेल ते न बघता कळायचं, आणि चेंडू बरोबर तिथे जायचा. लोक म्हणायचे, मधूचा पास आणि दत्ताची उडी. माझं नाव त्या वाक्यात आधी यायचं. तुम्हाला ही क्षुल्लक बाब वाटेल. मला वाटायची नाही.

मग इंदूरहून राजवाडे आले. तिकडच्या एका मोठ्या गिरणीचा संघ ते सांभाळत. दादरला भावाकडे उतरले होते. आमच्या दोन मॅच त्यांनी शेवटच्या बाकावर बसून पाहिल्या आणि नंतर दत्ताला बाजूला घेतलं. गिरणीच्या ऑफिसात नोकरी, राहायला दोन खोल्या, आणि सिमेंटचं मैदान. त्यांच्या संघातली मुलं पुढे देशाकडून खेळली होती. दत्ता तेव्हा एका छापखान्यात रोजावर कागद उचलायचा.

आठवडाभर अंधेरीत दुसरा विषय नव्हता. न्हाव्याकडे, इराण्याकडे, दुधाच्या रांगेत — दत्ता जाणार का? कोणी म्हणे, जाणारच, वेडा आहे का तो? कोणी म्हणे, मंडळाला सोडून जाणार नाही, रक्तातलं आहे त्याच्या. दत्ताची आई मला बघितलं की म्हणायची, "थंय आपला कोण आसा रे? तू सांग ह्येका." आणि दत्ता सगळ्यांदेखत म्हणायचा, "मधू म्हणेल तसं."

मी काय म्हणालो असेन? मी मोठ्या मनाचा माणूस होतो ना. मैदानावर दहा-बारा जणांसमोर म्हणालो, "तुझं आयुष्य आहे रे. तुझं तू ठरव. आम्ही आहोत मागे." एकाने माझी पाठ थोपटली.

शनिवारी संध्याकाळी दत्ता घरी आला. आत न येता जिन्यातच थांबला. म्हणाला, "मी जातोय, मधू. आईला आज सांगितलं. रडली, पण हो म्हणाली. सुमनचं लग्न एकदा झालं की आईलाही नेईन तिकडे. तुला पहिलं सांगतोय. अजून कोणाला बोलू नकोस."

सुमन त्याची धाकटी बहीण. तिचं परळच्या एका घरात जवळजवळ ठरत आलं होतं.

मी दत्ताच्या खांद्यावर हात ठेवला. "झकास केलंस," म्हणालो. ते खरं वाटावं असं म्हणालो. दत्ता हसला आणि जिना उतरून गेला.

म्हणजे बघा — तो जाणार की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता संपला होता. पुढे जे केलं ते मी त्याचा निर्णय माहीत असताना केलं. मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं की सांगायची वेळ आलीच तर हा जिन्यातला भाग गाळता येईल. नाही गाळता येत.

रविवारी दुपारी राजवाड्यांनी मला स्टेशनजवळच्या इराण्याकडे बोलावलं. कॅप्टन म्हणून. सभ्य गृहस्थ होते, हळू बोलायचे. त्यांनी आधी खेळाचं विचारलं, मी भरभरून सांगितलं. मग म्हणाले, "मुलगा निर्व्यसनी आहे ना? घरचं कसं आहे? प्रकृती?"

मी चहाच्या कपाचा कान धरून बसलो. खरं तर तेवढ्यानेच त्यांनी वर पाहिलं.

"वडील छातीने गेले त्याचे," मी म्हणालो.

"क्षय?"

"तसं कोणी म्हणत नाही."

हे वाक्य नीट बघा. त्यात खोटं काही नाही. तरीही — मी ते ज्या आवाजात म्हणालो, तो आवाज मला आजही काढून दाखवता येईल.

त्यांनी विचारलं, "आणि मुलगा? त्याला काही?"

"मॅच झाल्यावर कधीतरी खोकतो," मी म्हणालो. "आम्ही काही विचारत नाही. त्याला वाईट वाटतं."

दत्ता कधीही खोकत नव्हता. त्याचा दम सगळ्या उपनगरांत गाजलेला.

राजवाडे थोडे पुढे झुकले. "रक्त वगैरे?"

मी मान खाली घातली. त्यांनी बिल दिलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. माझ्या क्वार्टर्समध्ये लहान मुलं आहेत सगळ्यांना. तुमचं नाव कुठे येणार नाही." त्यांनी शब्द पाळला. माझं नाव कुठेच आलं नाही.

मी घरी चालत गेलो. वाटेत काय वाटलं? वाईट वाटलं असं सांगायला मला आवडेल. हलकं वाटलं. पुढच्या महिन्यात स्पर्धा होती, आणि मी मनात पाचांची नावं जुळवत होतो. दत्ताचं नाव त्यांत होतं.

इंदूरहून पत्र येणार होतं. आलं नाही. दत्ता छापखान्यातून आला की आधी आईकडे बघायचा, ती मान हलवायची. तीन आठवड्यांनी तो माझ्याकडे आला — माझं इंग्रजी चांगलं ना — आणि आठवणीचं पत्र लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं. चांगल्या कागदावर, वळणदार अक्षरात. टाकलंसुद्धा पेटीत. उत्तर काय येणार, हे मला ठाऊक होतं. जागा भरल्या आहेत, असं दोन ओळींत आलं. दत्ताने ते माझ्याकडूनच वाचून घेतलं.

त्याने पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "दुसऱ्या मॅचमध्ये माझे दोन फ्री थ्रो चुकले. ते बघत होते तेव्हा. त्यामुळेच असेल."

मी म्हणालो, "असेल."

एक शब्द. तो म्हणायचीही गरज नव्हती, नाही का?

त्यानंतर दत्ता रोज सकाळी कामावर जायच्या आधी मैदानावर येऊन फ्री थ्रो टाकायचा. पन्नास, साठ. चेंडू उचलून परत द्यायला मी असायचो. त्याला बरं वाटायचं मी येतो म्हणून. त्या दिवसांत त्याचे क्वचितच चुकत. मी खाली उभा राहून चेंडू झेलायचो आणि त्याच्याकडे परत टाकायचो.

इथवरच असतं तर कदाचित मी स्वतःला समजावलं असतं. पण राजवाड्यांचा भाऊ दादरला होता. भावाच्या घरात काहीतरी बोलणं झालं असेल, तिथून ते परळला गेलं. सुमनच्या होणाऱ्या सासरहून निरोप आला — घरात क्षय आहे असं कळलं, आम्हाला पुढे जायचं नाही.

दत्ता हादरला. कोणी सांगितलं, का सांगितलं, काही कळेना त्याला. सरकारी इस्पितळात जाऊन त्याने स्वतःचा, आईचा, सुमनचा, तिघांचाही एक्स-रे काढून घेतला. छात्या स्वच्छ. ते तीन मोठे काळे फोटो कागदात गुंडाळून तो परळला निघाला, आणि मला म्हणाला, "तू चल. तुला बोलता येतं नीट."

मी गेलो.

मुलाचे वडील दारातच भेटले. आत या म्हणाले नाहीत. दत्ताने एकेक फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. त्यांना त्यातलं काय कळणार? दत्ता बोट ठेवून सांगत होता, हे बघा, हे फुप्फुस, डाग नाही, डॉक्टरांची सही आहे इथे. एवढा उंच माणूस, त्या चाळीच्या गॅलरीत वाकून आपल्या बहिणीची छाती निर्दोष आहे हे परक्या माणसाला दाखवत होता. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या. मग त्याने माझ्याकडे वळून म्हटलं, "मधू, तू सांग ना. तू होतास दवाखान्यात बाबांच्या वेळी."

आणि मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते शब्दन् शब्द सांगितलं. खरं बोलायला मला तिथे जराही जड गेलं नाही. ते गृहस्थ ऐकून घेऊन म्हणाले, "तुमचं खरं असेल हो. पण आम्ही आता दुसरीकडे बोलणी केलीत."

परतताना दत्ता म्हणाला, "तू होतास म्हणून मला निदान बोलता तरी आलं."

सुमन मात्र फसली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तर ती निवडत असलेले तांदूळ तसेच ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आई मागच्या नळावर होती.

"मधूदादा, ते इंदूरचे गृहस्थ जायच्या आधी तुलाच भेटले होते ना?"

"हो," मी म्हणालो. "खेळाचं विचारत होते."

"फक्त खेळाचं?"

"मग आणखी कशाचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तांदळाकडे वळली. त्यानंतर मी त्या घरी कितीदा गेलो असेन, पण ती माझ्यासमोर कधी बाहेर आली नाही. दत्ताला तिने काही सांगितलं का? नसावं. सांगून त्याच्याकडे उरलं असतं तरी कोण?

तिचं लग्न झालं नाही. आणखी दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे तोच निरोप आधी जाऊन बसलेला. ती पुढे शिवणाच्या वर्गात शिकवायला लागली. दत्ताला गोरेगावला सिनेमाच्या स्टुडिओत काम मिळालं — उंच म्हणून वरचे दिवे बांधायला घेतला. आम्ही एक ढाल जिंकलो. एक. पुढच्या मोसमात दत्ताचा गुडघा गेला, आणि तो खेळेनासा झाल्यावर कोणी आमच्याकडे मॅच मागायला आलं नाही.

आता राहिलं ते सर्वांत वाईट, आणि ते मी कोणाच्याही भीतीने केलं नाही.

मंडळाच्या वाढदिवसाला दत्ताचा सत्कार करायचं ठरलं. बोलायला मी. समोर दीडेकशे माणसं, पहिल्या रांगेत दत्ताची आई आणि सुमन. मी उभा राहिलो आणि म्हणालो की इंदूरसारख्या ठिकाणची नोकरी, घर, मानसन्मान, सगळं समोर असताना या मुलाने नकार कळवला, कारण अंधेरीची माती त्याला सुटेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला स्वतःलाही भरून आलं होतं. हे खोटं नाही. मी वळलो तेव्हा दत्ता खाली बघत होता. त्याने नकार दिला नव्हता हे त्या मांडवात चौघांना ठाऊक होतं — त्याला, त्याच्या आईला, सुमनला आणि मला. सुमन उठली आणि टाळ्या चालू असतानाच बाहेर निघून गेली.

कार्यक्रम संपल्यावर दत्ता शाल खांद्यावर घेऊन माझ्याजवळ आला. त्याला वाटलं होतं, त्यांनी त्याला नापसंत केलं हे लोकांना कळू नये म्हणून मी ती गोष्ट रचली. म्हणाला, "मधू, माझी लाज राखलीस आज. हे मी विसरणार नाही."

मी म्हणालो, "चल रे, काहीतरीच."

दत्ता जाऊन आता बरीच वर्षं झाली. अंधेरीतले जुने लोक अजूनही सांगतात की त्याने मंडळासाठी इंदूर सोडलं. सुमन बोरीवलीला एकटी राहते, मला पत्ता माहीत आहे. मी गेलेलो नाही, आणि जाईन असंही म्हणत नाही.

दत्ताने इंदूर सोडलं नव्हतं. तो जाणार होता, त्याने मला सर्वांत आधी सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला रोगी ठरवून आलो.